मुंग्या पायांत की रस्त्यात?

हिवाळ्यात आपल्या नरसीतील वृद्ध मंडळी पहाटेच घराबाहेर पडतात. कार्तिकात काकड्याला जाणारे कित्येक जण तर अनवाणीच निघतात. त्या वेळी गल्लीत दव असते, कुणी सडा घातलेला असतो, नळाचे पाणी वाहत असते. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाची डबकीही साचलेली असतात. पाय घसरू नये याची काळजी आपण सारेच घेतो. त्या ओलाव्यात वीज उतरली असेल, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि पुष्कळदा तिची पहिली चाहूल नुसत्या मुंग्यांच्या रूपाने लागते.

मुंग्यांची तक्रार माझ्या दवाखान्यात रोजचीच. बहुतेक वेळा कारण मधुमेहाचे, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे किंवा मणक्याचे निघते. सत्तरी ओलांडलेल्या, पंधरा वर्षांच्या मधुमेही एक आजी अशाच आल्या होत्या. “आजी, मुंग्या कुठं असताना येतात?” असे विचारले, तर म्हणाल्या, “नळावर उभं राहिलं की, डॉक्टरसाहेब.” सोबतची सूनबाई चटकन म्हणाली, “मलाही तिथंच येतात की!” सासू-सुनेच्या नसा एकाच जागी, एकाच वेळी बिघडत नाहीत. त्या दिवशी औषध वाढवण्याऐवजी मी वायरमनला बोलवावयास सांगितले. शेजारच्या घरी नळाला थेट जोडलेल्या मोटारीच्या लोखंडी अंगात करंट उतरत होता; अर्थिंग नव्हतेच.

म्हणून आपल्या घरातील वृद्धांनी मुंग्या किंवा ‘झिणझिण’ म्हटले की आधी तीन गोष्टी विचाराव्यात. ती एकाच जागी येते काय? पाय ओले किंवा अनवाणी असतानाच येते काय? त्या जागी दुसऱ्या कुणालाही येते काय? उत्तरे ‘होय’ असतील, तर रोग त्या जागेला आहे. याची उलट बाजू अधिक चिंतेची. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने बधिर झाली आहे, त्यांना ही सूचना मिळतच नाही. अशांनी ओल्या रस्त्यावर रबरी तळव्याची कोरडी चप्पल घातल्यावाचून जाऊ नये. मात्र भिजलेली, झिजलेली चप्पल काही राखण करीत नाही.

कोरडी, राठ त्वचा विजेला बरीच अडवते. भिजल्यावर हा विरोध शंभरपटीपर्यंत घटू शकतो. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हातातील वस्तू सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरत राहू शकते. आपल्या घरातील २३० व्होल्टला ओल्या शरीरातून याहून अधिक प्रवाह सहज जातो.

हे केवळ पावसाळी शहरांचे दुखणे मानू नये, जरी ठळक उदाहरणे तिथली आहेत. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात डेक्कन परिसरातील पुलाच्या वाडीत, पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत भांडुपला साचलेल्या पाण्यात उघड्या केबलमुळे एक सतरा वर्षांचा मुलगा दगावला. लोक ओरडून सावध करीत होते, पण त्याच्या कानांवर हेडफोन होते, असे त्या वेळी सांगितले गेले. ज्यांना कमी ऐकू येते अशा आपल्या आजोबांचा विचार इथे मनात येतोच.

हिवाळ्यातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र दूरचे आहे. १६ जानेवारी २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक तरुणी आपल्या दोन कुत्र्यांना फिरवीत होती. बर्फ वितळून रस्ता ओला झालेला. एका लोखंडी झाकणात खालच्या तारेतून वीज उतरली होती. कुत्रे आधी विव्हळले, त्यांना सावरावयास ती गेली आणि प्राणास मुकली. त्यानंतर तिथे रस्त्यावरील अशा सामग्रीची दरवर्षी तपासणी बंधनकारक झाली.

जनावराला आधी कळते, याचे कारण साधे आहे. त्याच्या पायात काही नसते. शिवाय बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असते. जमिनीत वीज पसरलेली असेल तर त्या दोन जागांमधील दाबाचा फरक मोठा पडतो आणि प्रवाह थेट छाती-पोटातून जातो. म्हणून बैल डीपीजवळच्या ओल्या वाटेवर अडला, म्हैस हौदाला तोंड लावेना, कुत्रा खांबाजवळ किंचाळून मागे सरला, तर त्याला चाबूक किंवा साखळी ओढून पुढे नेऊ नये. आपणही मागे फिरावे. आणखी एक, खास थंडीतले: अंगणात बादलीत हीटरचा रॉड लावून माणसे आत चहाला जातात आणि वासरू त्याच बादलीत तोंड घालते. घरात नातवंडे असतील तर मी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

रस्त्यावर लोखंडी खांब, त्याला आधार देणारी ताणाची तार, दुकानाचे पत्र्याचे फलक आणि यात्रेतील रोषणाईच्या जोडण्या यांना ओल्या हाताने टेकू नये. आधारासाठी काठी असावी, तीही लाकडी.

कुणी चिकटलेले दिसल्यास धावत जाऊन हात धरू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. रस्त्यावर तार तुटून पडली असेल तर काठीनेही ती बाजूला सारू नये. लोकांना लांब थोपवून महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे. आपण स्वतः त्या ओल्या पट्ट्यात सापडलात तर ढांगा टाकू नका. दोन्ही पाय जुळवून, न उचलता, सरकत बाहेर या. वीज बंद झाल्याची खात्री होताच श्वास पाहावा. श्वास नसेल तर १०८ ला दूरध्वनी करीत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

धक्क्यानंतर माणूस उठून बसला, तरी शुद्ध हरपली असेल, छातीत धडधड असेल, लघवी तांबूस होत असेल, पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना तो पडला असेल, तर त्याच दिवशी ईसीजी आणि तपासणी करून घ्यावी. जनावर दगावले असेल तर पंचनामा आणि पशुवैद्यकाची उत्तरीय तपासणी होईपर्यंत ते पुरू नये. भरपाईचा अर्ज त्याच कागदांवर उभा राहतो.