चित्रकथेस मज्जाव का?

आपल्या संस्थेच्या नवलेखन स्पर्धेच्या नियमावलीत कथा, कविता, ललित निबंध आणि एकांकिका असे चार वाङ्मयप्रकार नमूद आहेत. पाचव्याला तेथे जागा नाही. या नियमावलीत एक मोठी उणीव आहे व ती आता तरी दूर व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती उणीव म्हणजे चित्रकथा. जिला आपली मुले ‘कॉमिक’ म्हणतात आणि जिच्याकडे आपण वडीलधारी मंडळी रद्दीतला माल म्हणून पाहतो, ती चित्रकथा हे वाङ्मय आहे. आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या घरांत मराठी वाचन टिकवायचे असेल, तर आज ते अतिशय निकडीचे वाङ्मय आहे.

हा केवळ तात्त्विक वाद नाही. मागील स्पर्धेत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने स्वतः लिहिलेली व स्वतः काढलेली चोवीस पानांची मराठी चित्रकथा पाठविली होती. ‘वाङ्मयप्रकारात बसत नाही’ असा शेरा मारून ती परत करण्यात आली. राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात गेल्यामुळे शेरा मारण्यातली सोय आम्ही चांगली जाणतो. शेऱ्याने प्रकरण निकाली निघते, प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो. एकीकडे ‘तरुण पिढी मराठीत काही लिहीत नाही’ म्हणून प्रत्येक वार्षिक सभेत सुस्कारे टाकायचे आणि दुसरीकडे कोणी लिहून आणले तर त्याला दारातूनच परत पाठवायचे, हा व्यवहार आम्हांस समजत नाही.

चित्रकथेवर पहिला आक्षेप असा की हा परकीय प्रकार आहे. आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीस जाऊन यावे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे कागदावर रंगवितात आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र दाखवीत कथा सांगतात. चित्रांच्या त्या जुडग्याला तेथे ‘पोथी’ म्हणतात. चित्रांच्या क्रमाने कथा सांगणे आणि तिला पोथीचा मान देणे, या दोन्ही गोष्टी आपल्याच लोकांनी केलेल्या आहेत. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन शासनाने तिची दखल घेतली. साहित्य संस्थांनी ती केव्हा घ्यावयाची?

दुसरा आक्षेप असा की हा पोरखेळ आहे. वेताळाच्या इंद्रजाल कॉमिक्सवर किंवा अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेवर ज्यांचे बालपण पोसले गेले, तेच गृहस्थ पुढे हे वाक्य उच्चारतात याची आम्हांस गंमत वाटते. बालवाङ्मय हलके असते हे आम्हांस मान्य नाहीच. पण ते क्षणभर बाजूला ठेवले तरी जगात या माध्यमाने काय काय पेलले आहे ते पाहावे. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांची नाझी छळछावण्यांतील कहाणी ‘माउस’ या चित्रकथेत सांगितली आणि १९९२ साली तिला विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. इराण सोडून फ्रान्समध्ये राहिलेल्या मार्जान सात्रापी यांनी इराणी क्रांतीच्या काळातले आपले बालपण ‘पर्सेपोलिस’मध्ये फ्रेंच भाषेत मांडले, तिचा पहिला खंड २००० साली निघाला. मायभूमीपासून दूर राहून कुटुंबाची आठवण कशी सांगावी, हा तर आपलाही प्रश्न आहे.

दूर कशाला, आपल्याच गावांकडे पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली इंदूरजवळच्या महू येथे एका मराठी कुटुंबात झाला. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना आणि एका पारशी पथिकाश्रमातून त्यांना बाहेर काढण्यात आले. ही हकीकत सांगणारी ‘भीमायन’ ही चित्रकथा २०११ साली प्रसिद्ध झाली. तिची चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी काढली. त्यांनी ठरावीक चौकोनी चौकटी न वापरता आपल्या भिंतींवरील ‘दिग्ना’ या नक्षीने पान विभागले. सौम्य बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याच्या आकाराचा फुगा दिला आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. महू आपले, बडोदे आपले, नायक मराठी, चित्रकार आपल्या राज्यातले. पुस्तक मात्र दिल्लीहून इंग्रजीत निघाले. बडोद्याच्या गतवैभवावर विशेषांक काढणाऱ्या आपल्या संस्थांना ही गोष्ट मराठीत अशी सांगावीशी वाटली नाही, याचे कारण केवळ चित्रांविषयीची अनास्था आहे की आणखी काही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

नर्मदेचेही तेच. इंदूरच्या नळांना नर्मदेचे पाणी येते. त्या नदीवरील धरणांमुळे उठविल्या गेलेल्या माणसांची गोष्ट ओरिजित सेन यांनी १९९४ साली ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ या चित्रकथेत सांगितली. भारतातील आरंभीच्या चित्रकादंबऱ्यांत तिची गणना होते. तीही इंग्रजीत. गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची ‘कारी’ २००८ साली आली, तीही इंग्रजीतच. या लेखकांना आम्ही दोष देत नाही. ज्या भाषेत प्रकाशक, वाचक व प्रतिष्ठा मिळते, त्या भाषेकडे लेखणी वळते. आम्ही दोष देतो तो, दारात आलेल्या मराठी चित्रकथेला परत पाठविणाऱ्यांना.

आता दुसऱ्या बाजूसही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. चित्रकथा काढू इच्छिणारी तरुण मंडळी भेटतात, तेव्हा बहुतेकांचे पहिले वाक्य असते की चांगला टॅब्लेट नाही. पडद्यावर थेट रेखाटता येणारे महागडे यंत्र आणि परदेशी सॉफ्टवेअर मिळाल्यावर काम सुरू होणार! पालकही त्या खरेदीसाठी कर्ज काढावयास तयार होतात आणि वर्षभराने ते यंत्र धूळ खात पडते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

स्पीगलमन यांनी ‘माउस’सारखी कृती फाउंटन पेनने साध्या टंकलेखनाच्या कागदावर, छापावयाच्याच आकारात रेखाटली. लेखनसामग्रीच्या कोणत्याही दुकानात मिळणारी ही साधने. इंदूरकरांना तर एवढ्या लांबच्या दाखल्याची गरज नाही. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळलेली पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तूंतून चित्रे उभी केली, ती पाहिलेले अनेकजण आजही आपल्यात आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणाऱ्यांनी गुरुजींचे स्मरण करावे.

साधनाला महत्त्वच नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ‘पीनट्स’चे जनक चार्ल्स शुल्झ यांचा हात एस्टरब्रुक कंपनीच्या एका विशिष्ट निबवर इतका बसला होता, की कंपनी बंद पडणार असे कळताच त्यांनी त्या निबांचा उरलेला साठा विकत घेऊन ठेवला. पण ती निवड वर्षानुवर्षांच्या कामातून झालेली होती. साधन हाताला कामानंतर सापडते, कामाआधी नव्हे.

मग आरंभ कशाने करावा? आपल्या कचेऱ्यांत एकेकाळी जो टाक दौतीत बुडवून फायली लिहिल्या जात, तोच टाक जपानमधील चित्रकथाकारांच्या पिढ्यांनी वापरला आहे. टाकाचे निब लवचीक असते. दाब वाढविला की रेघ जाड होते, सैल सोडला की बारीक. एकाच रेघेतील या चढउतारामुळे चेहरा जिवंत होतो. ज्याला टाक साधत नाही त्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईचे बारीक टोकाचे पेन घ्यावे. रेघ एकसारखी येते, पण शिकणे सोपे. मोठ्या काळ्या जागा भरण्यास गोल कुंचला हवा. शाई जलरोधक असावी, म्हणजे वरून रंगाचा हात फिरविला तरी रेघ पसरत नाही. कागद गुळगुळीत आणि जाड असावा. खरबरीत कागदावर निब अडकते. चित्र छापावयाच्या आकारापेक्षा मोठे काढावे व लहान करून छापावे, म्हणजे रेघेतला कंप झाकला जातो. ही सामग्री बहुतेक गावांत मिळते. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन नावाने घरोघरी पोहोचलेल्या उद्योगामुळे शाई आणि रंग शाळकरी पोराच्या आवाक्यात आले. एका मराठी माणसाने हे करून ठेवले आहे, आपण ते वापरावयाचे आहे.

संगणकाला आमचा विरोध नाही. चित्र कागदावर काढून सहाशे डीपीआयला स्कॅन केले तर काळी रेघ स्वच्छ येते. ज्याला संगणकावरच रेखाटावयाचे आहे त्याच्यासाठी ‘क्रिता’सारखे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, आणि बिनपडद्याचा साधा टॅब्लेट घरच्या संगणकाला जोडूनही काम भागते.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. ती म्हणजे फुग्यातील देवनागरी. इंग्रजी चित्रकथांत बहुधा सगळा मजकूर मोठ्या लिपीत असतो, त्यामुळे ओळींची उंची सारखी राहते. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दोन ओळींत अंतर अधिक लागते. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी कोंबले की उकार खालच्या मात्रेत घुसतो आणि वाचकाचे डोळे दुखतात. म्हणून मजकूर आधी लिहावा आणि फुगा त्याच्याभोवती काढावा. संगणकावर तर काही सॉफ्टवेअरांत योग्य ती सोय निवडली नाही तर जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. ‘मंगल’ हा टंक घडविणारे र. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी अक्षरकाराने संगणकावरील देवनागरीसाठी आयुष्य वेचले. मुंबईच्या ‘एक टाईप’ने ‘बालू’ व ‘मुक्ता’ हे देवनागरी टंक विनामूल्य उपलब्ध करून दिले. आणि सर्वांत उत्तम मार्ग हाताने लिहिण्याचा. तिरके तोंड कापलेल्या बोरूने कित्ते गिरविलेली पिढी अस्तास चालली आहे. तिच्या हातातले वळण आपल्या नातवंडांच्या फुग्यांत उतरले, तर यापेक्षा चांगला वारसा कोणता?

छपाईचाही बाऊ करण्याचे कारण नाही. एक कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात. सहा कागदांत चोवीस पाने झाली. घडीवर दोन पिना मारल्या की पुस्तिका तयार. काळी-पांढरी असल्यास झेरॉक्सवरही शंभर प्रती निघतात. लेखन, रेखाटन आणि प्रकाशन स्वतःच करणाऱ्या स्वतंत्र चित्रकथाकारांनी जगभर हाच मार्ग धरला आहे.

आता मूळ मुद्दा. आपल्या घरांतील मुले मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीमुळे लिपी तरी परिचित आहे. बडोद्याच्या मुलाची शाळेतली लिपी गुजराती किंवा रोमन, बेळगावच्या कित्येकांची कानडी, हैदराबादच्या मुलाची तेलुगू किंवा रोमन. त्यांच्या हाती एकदम चारशे पानांची कादंबरी देऊन ‘वाच’ म्हणणे म्हणजे न पोहणाऱ्यास डोहात ढकलणे होय. चौकटीत दहा-पंधरा शब्द असतात, आणि त्यांचा अर्थ शेजारचे चित्र सांगते. ‘ही तर कुबडी झाली’ असे कोणी म्हणेल. पाय मोडलेल्याने कुबडी घेतली तर आपण त्याला हसतो काय? शिवाय चित्रकथा नुसती कुबडी नव्हेच. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले ते वाचकालाच मनाने भरून काढावे लागते. कल्पनाशक्ती मारली जाते म्हणणाऱ्यांनी ती पट्टी पाहिलेलीच नाही.

आणि सांगण्यासारखे आपल्याकडे काय कमी आहे? होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या पदरी आपले पूर्वज कसे आले, वाड्यातल्या आजीची मोडीतली पत्रे कोणी वाचली नाहीत म्हणून ती कशी बंबात गेली, हिंदी शाळेतल्या पहिल्या दिवशी ‘ळ’ उच्चारला म्हणून वर्ग कसा हसला, या गोष्टी कोणत्याही पुण्या-मुंबईच्या लेखकाला सुचणार नाहीत. त्या सांगणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि रेखाटणारे विशीत आहेत. दोघांची गाठ घालून देणे हे संस्थेचे काम आहे.

म्हणून आगामी सर्वसाधारण सभेत आम्ही तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहोत. नवलेखन स्पर्धेत चित्रकथा हा पाचवा प्रकार असावा. या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकातील आठ पाने चित्रकथेस द्यावीत. आणि वर्षातून एकदा टाक, शाई व अक्षरलेखन यांची कार्यशाळा संस्थेच्या सभागृहात भरवावी. खर्च एका सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांहून अधिक येणार नाही. ज्यांना विरोध करावयाचा आहे त्यांनी तो अवश्य करावा. मात्र सभेस येण्यापूर्वी त्यांनी एक तरी चित्रकथा आरंभापासून शेवटपर्यंत वाचलेली असावी, एवढीच आमची विनंती आहे.