प्रयोग विरतो, पारितोषिक उरते

समकालीन कलेच्या जगात पारितोषिके उदंड झाली आहेत. परंतु ज्या कलेचे अस्तित्व केवळ सादरीकरणाच्या वेळेपुरतेच असते, तिची पारख कशी करावी, याचे उत्तर या पारितोषिकांना अद्याप सापडलेले नाही. चित्र भिंतीवर राहते, शिल्प दालनात राहते. परीक्षकाने हवे तेव्हा जावे, पुन्हा पाहावे, शंका आली तर तिसऱ्यांदा पाहावे. ध्वनी आणि दृश्य यांचा प्रेक्षकांसमक्ष, त्याच क्षणी घडणारा मेळ मात्र सभागृहातील दिवे लागले की संपतो. हा वाद केवळ कलामीमांसकांचा असता, तर तो परिसंवादांपुरता सोडून देता आला असता. पण त्यात प्रतिष्ठा आहे, पैसा आहे आणि कलावंतांच्या उपजीविकेचा प्रश्नही आहे.

ऑस्ट्रियातील लिंझ शहरात १९७९ पासून 'आर्स इलेक्ट्रॉनिका' हा महोत्सव भरतो. १९८७ मध्ये त्याला स्पर्धेची जोड मिळाली. संगणकीय चित्र, संगणकीय चलच्चित्र आणि संगणकीय संगीत हे तिचे आरंभीचे विभाग. येथील 'गोल्डन निका' हा या क्षेत्रातील सर्वाधिक मानाचा सन्मान समजला जातो. स्पर्धेसाठी जगभरातून प्रवेशिका येतात आणि परीक्षक मंडळ प्रामुख्याने सोबत जोडलेल्या ध्वनिमुद्रणांवरून, चित्रफितींवरून आणि टिपणांवरून निर्णय करते. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. प्रत्येक प्रयोग पाहण्यासाठी परीक्षकांनी पृथ्वीप्रदक्षिणा करावी, अशी अपेक्षा कोणी धरणार नाही. परंतु त्यातून निसटते काय, हेही पाहिले पाहिजे. जपानचे रिओजी इकेदा यांना २००१ मध्ये 'मेट्रिक्स' या कृतीसाठी गोल्डन निका मिळाली. ही कृती तबकडीवर प्रसिद्ध झालेली. पण तिच्यातील अखंड स्वर असे रचलेले आहेत की ऐकणाऱ्याने खोलीत चार पावले टाकली किंवा नुसती मान वळवली तरी ऐकू येणारा नाद बदलतो. तबकडीची ही कथा, तर मोठ्या पडद्यासमोर घडणाऱ्या प्रयोगाचे काय? २०१० मध्ये रयोइची कुरोकावा यांच्या ज्या 'रेओ : फाइव्ह होरायझन्स' या कृतीचा गौरव झाला, ती पाच पडदे आणि पाच ध्वनिक्षेपक यांवर उभी आहे. छातीत घुमणारा खर्ज, अंधारात अचानक उसळणारा प्रकाश आणि पडद्याची उंची यांतले लॅपटॉपच्या पडद्यावर काय शिल्लक राहते?

याचा परिणाम कलावंतांच्या वागण्यावर होतो. परीक्षक आधी चित्रफीत पाहणार, हे एकदा कळले की प्रयोग चित्रफितीत चांगला दिसेल असा बांधला जातो. चाळीस मिनिटे संथपणे उलगडणाऱ्या रचनेपेक्षा तीन मिनिटांच्या संकलित तुकड्यात झळकणारी रचना अधिक सुरक्षित ठरते. मराठी वाचकाला येथे एकांकिका स्पर्धांचे स्मरण व्हावे. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षक सभागृहात बसतात आणि त्यांचा निकाल, तोच प्रयोग पाहिलेल्या प्रेक्षकांसमोर उभा राहतो. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही आणि त्यावरून मोठे वादळ उठले. ते वादळ होऊ शकले, कारण परीक्षकांनी जे पाहिले तेच इतरांनीही पाहिले होते. चित्रफितीवरून झालेल्या निकालाशी भांडणार कोण?

व्हेनिसच्या द्वैवार्षिकीत परीक्षक प्रत्यक्ष हजर असतात. तेथील अलीकडचे निकाल म्हणूनच बोलके आहेत. २०१३ मध्ये सर्वोत्कृष्ट कलावंताचा सुवर्णसिंह टिनो सेहगल यांना मिळाला. आपल्या कृतींचे छायाचित्रण होऊ नये असा त्यांचा आग्रह असतो. २०१७ मध्ये जर्मनीच्या दालनातील आने इमहॉफ यांच्या 'फाउस्ट' या सादरीकरणाला राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह लाभला आणि २०१९ मध्ये तोच मान लिथुआनियाने पटकावला. चित्रशिल्पांसाठी उभारलेल्या व्यासपीठावर सादरीकरणाचे एवढे कौतुक व्हावे, हे या कलेचे मोठेच यश होय. परंतु त्या यशाची दुसरी बाजू लिथुआनियाच्याच उदाहरणातून दिसते.

रुगिले बार्झ्जुकाइते, वाइवा ग्राइनिते आणि लिना लापेलिते या तिघींचे 'सन अँड सी' हे संगीतनाट्य नौदलाच्या आवारातील एका इमारतीत झाले. खाली वाळू पसरून कृत्रिम समुद्रकिनारा केलेला; त्यावर पोहण्याच्या पोशाखात पहुडलेली माणसे गात आहेत आणि प्रेक्षक वरच्या सज्ज्यातून ते पाहत आहेत. सुटीतल्या किरकोळ तक्रारी गाता गाता पृथ्वीच्या ढासळत्या हवामानापर्यंत जाऊन पोचतात. बाहेर तासन् तास रांगा लागत. मात्र हा प्रयोग रोज करणे परवडणारे नव्हते. द्वैवार्षिकी सहा महिन्यांची आणि प्रयोग आठवड्याच्या ठरावीक दिवशीच. गायकांचे मानधन भागवून तो चालू ठेवण्यासाठी कलावंतांना लोकवर्गणीचे आवाहन करावे लागले. जगातील सर्वांत प्रतिष्ठेच्या कलाप्रदर्शनाचा सर्वोच्च मान ज्या कृतीला मिळाला, तिची ही स्थिती! चित्राला पारितोषिक मिळाले की त्याची किंमत चढते; प्रयोगाला मिळाले की मागणी वाढते आणि त्या मागणीबरोबर खर्चही. हे गणित पारितोषिके देणाऱ्यांनी अद्याप मांडलेले दिसत नाही. सन्मानाच्या रकमेइतकीच रक्कम पुढील पन्नास प्रयोगांसाठी राखून ठेवणारी स्पर्धा अधिक उपयोगाची ठरेल, असे आम्हाला वाटते.

ब्रिटनच्या टर्नर पारितोषिकात तर कलावंतांनीच स्पर्धेला हात घातला. २०१९ च्या अंतिम यादीतील लॉरेन्स अबू हमदान, हेलन कॅमॉक, ऑस्कर मुरिलो आणि ताई शानी या चौघांनी आमच्यातून एकाची निवड करू नका, अशी विनंती परीक्षकांना केली. ती मान्य झाली आणि ४० हजार पौंडांची रक्कम चौघांत वाटली गेली. यांपैकी अबू हमदान हे ध्वनीचा पुरावा म्हणून अभ्यास करतात. सीरियातील सैदनाया तुरुंगात अंधारात ठेवलेल्या कैद्यांच्या कानांवर जे पडले, त्यावरून तेथील छळाचे चित्र उभे करण्याच्या कामात त्यांचा वाटा आहे. अशा कामाला पहिला-दुसरा क्रमांक लावणे किती अप्रशस्त, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे प्रदर्शन रद्द झाले आणि दहा कलावंतांना प्रत्येकी १० हजार पौंडांचे साहाय्य देण्यात आले. स्पर्धेविना पैसा कलावंतांपर्यंत पोचू शकतो, हे आपत्तीने का होईना, सिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी अंतिम यादीत केवळ समूह आले. त्यांतील 'ब्लॅक ऑब्सिडियन साउंड सिस्टिम' हा ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून लोकांना एकत्र आणणारा समूह. त्याने नामांकन नाकारले नाही, पण पारितोषिक संस्कृती समूहांचे कसे शोषण करते, यावर आयोजक संस्थेला जाहीरपणे सुनावले. अल्प मुदतीत प्रदर्शन उभे करा, तेही समूहातील सर्वांना पुरणार नाही एवढ्या मानधनात, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. समूहांना बोलवायचे आणि हिशेब मात्र एका माणसाचा धरायचा, ही विसंगती त्यांनी नेमकी पकडली. त्या वर्षीचे पारितोषिक बेलफास्टच्या 'ॲरे कलेक्टिव्ह'ला मिळाले.

त्यानंतर मात्र टर्नर पुन्हा जुन्या वाटेला लागले. २०२२ मध्ये व्हेरॉनिका रायन, २०२३ मध्ये जेसी डार्लिंग, २०२४ मध्ये जसलीन कौर, २०२५ मध्ये नेना कालू असे एकएकटे विजेते झाले. कौर यांच्या मांडणीत ध्वनीला मोठे स्थान आहे, हे खरे. तरीही चौघांचीही कामे दालनात मांडून ठेवता येतील अशीच आहेत.