काचेत समुद्र भरण्याआधी

रात्री झोपण्याआधी तुम्ही रील्स बघताय. निळ्या उजेडात डोलणारी प्रवाळं, त्यातून डोकावणारा केशरी ‘निमो’. तुम्ही लगेच सेव्ह करता. मीपण केलं होतं. मग आमच्या शेजारच्या दादाने खरोखरच तसा मोठा टँक हॉलमध्ये आणला. गेल्या मे महिन्यात रात्रभर लाइट गेली. पंप बंद, चिलर बंद. सकाळी तो जाळीने एकेक मासा बाहेर काढत होता आणि काकू दारात नुसत्या उभ्या होत्या. तेव्हापासून वाटतंय, या छंदाबद्दल आधीच स्पष्ट बोललेलं बरं.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक धरा. पाणी साधारण ४५० लिटर. काच, दगड, स्टँड धरून वजन अर्ध्या टनाच्या वर. म्हणजे भिंतीचा रंग नंतर, आधी स्लॅब बघायचा. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्याच दिवशी जवळपास १६ किलो. तेही स्वयंपाकघरातलं नाही, अ‍ॅक्वेरियमसाठी मिळतं ते. पाणी आरओचं. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, तर ४५ लिटर बादल्यांनी उपसायचं आणि तितकंच पुन्हा भरायचं. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र टँकमध्येच राहतं. म्हणून रोज थोडं गोडं पाणी टाकायचं. तापमान २५-२६ अंश हवं. आपल्या उन्हाळ्यात चिलरशिवाय ते अवघडच. लाइट बिल कोण भरणार, हेही आधी ठरवा.

आणि टँक भरला म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषच. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत नीट रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक रिकामा. पाहुणे विचारतील, ‘मासे कुठेत?’ विचारू देत. इथे घाई तुम्ही करता आणि मरतात मासे.

आता मुख्य मुद्दा. रीलमधली ती प्रवाळं. आपल्याकडे दगडी सांगाडा बांधणारी प्रवाळं, काळी प्रवाळं, सी फॅन हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. ती समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षं. मुंबईत कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीची प्रवाळं २०२० मध्ये हलवावी लागली, तेव्हा त्यासाठी रीतसर सरकारी परवानगी घ्यावी लागली. मग दुकानदार पिशवीतलं प्रवाळ पुढे करून ‘पेपर आहेत, टेन्शन नको’ म्हणाला, तर पेपर बघायला मागा. परदेशातून आणलेल्या दगडी प्रवाळालाही ‘साइट्स’ची कागदपत्रं लागतात. ती दाखवता आली नाहीत, तर सरळ बाहेर पडा.

मग छंद सोडायचा का? अजिबात नाही. कोरडे दगड किंवा सिरॅमिकचे दगड वापरा आणि मासे मोजकेच ठेवा. क्लाउनफिशची पैदास आता टाक्यांमध्ये होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलंय. तेव्हा विचारूनच घ्या, ‘हा मासा टाकीत जन्मलाय की समुद्रातून पकडलाय?’ ‘डोरी’चा मोह टाळा. तो निळा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, चार फुटांचा टँक त्याला पुरत नाही.

दादाने टँक विकला नाही. यावेळी त्याने आधी इन्व्हर्टर घेतला, बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतला आणि दोनच क्लाउनफिश आणले. तो टँक रीलसारखा दिसत नाही. पण त्यातले दोन्ही मासे जिवंत आहेत.

तेव्हा सेव्ह केलेलं रील राहू द्या. फक्त पैसे भरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मे महिन्यात रात्री दोन वाजता लाइट गेली, तर उठणार कोण?