शेतावर नगरपालिकेचे आरक्षण पडले तर

शहराची हद्द वाढली, की शिवारातला कडेचा गट आधी नकाशात रंगतो. सातबारा आपल्या नावावर, ज्वारी आपली. पण विकास आराखड्यात त्यावर बगीचा, शाळा नाही तर मंडईची खूण! मंडई व्हावी याला कुणाची ना नाही. पाटी घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायांना ओटे मिळाले तर आनंदच आहे. पण जमीन घ्यायला पैसा लागतो. नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली. तेव्हापासून लहान पालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून असतात. पगार आणि वीजबिले भागवताना भूसंपादन मागे पडते. मग ना मंडई होते, ना शेत मोकळे होते. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे विकास हक्काचा कागद घ्या म्हणतात. मुंबई-पुण्यात त्याला गिऱ्हाईक आहे. तालुक्याच्या गावी तो घेणार कोण?

पुढचे अधिक वाईट. आजारपण, मुलीचे लग्न यांनी अडलेला शेतकरी गुंठा-गुंठा पाडून साध्या स्टँपपेपरवर विकतो. घेणारा असतो हमाल, ऊसतोड्या, गवंड्याच्या हाताखालचा गडी. त्याचे घर बेकायदा ठरते, म्हणून नळ नाही, गटार नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने, आणि २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना, नियमित होण्याची वाट दिली खरी. पण तिथेही शुल्क भरावे लागते, आणि ते त्याच्या खिशात नसते.

तेव्हा वेळीच जागे व्हा. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की हरकतीला मुदत अवघी ३० दिवसांची. ती हुकली तरी १९६६ च्या नगररचना कायद्यातील कलम १२७ आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाला मालकीच्या कागदपत्रांसह नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावलेही उचलली नाहीत, तर आरक्षण संपल्याचे मानले जाते. शासनाने तसा आदेश राजपत्रात काढायचा असतो. पूर्वी ही मुदत सहाच महिने होती, आता शेतकऱ्यालाच चौपट थांबावे लागते. तोवर पेरणी थांबवू नका; आरक्षण म्हणजे संपादन नव्हे.

पुष्कळजण साहेबांना तोंडी सांगून येतात. त्याचा काही उपयोग नाही. नोटीस हातोहात द्या, आवक क्रमांकाचा शिक्का घ्या आणि ती पोच सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. दोन वर्षांनी तीच लागते.