आधी जागा मोजा, मग नाव जोडा

मित्रांनो, 'सी'चं कुठलंही जर्नल उघडा. स्ट्रिंग जोडण्याचा प्रोग्रॅम हमखास सापडेल. एकीकडे 'हॅलो', दुसरीकडे 'वर्ल्ड', मध्ये स्ट्रकॅट आणि खाली सरांची सही! माझं मत असं की, याच प्रॅक्टिकलला प्रत्येकाला आपलं नाव आणि आडनाव देवनागरीत जोडायला लावावं.

त्यासाठी 'सी'मध्ये वाइड कॅरेक्टर आहेत. त्यांच्या स्ट्रिंग जोडणारं डब्ल्यूसीएसकॅट हे फंक्शन १९९५ च्या दुरुस्तीने प्रमाणित लायब्ररीत आलं. काम स्ट्रकॅटचंच : पहिल्या स्ट्रिंगच्या शेवटचा शून्य शोधायचा आणि तिथून दुसरी उतरवायची. स्वभावही तोच. जागा पुरते का, हे ते बघत नाही. पाट मांडले चार आणि पंगतीला बसले दहा, तरी हे आपलं वाढतच सुटतं.

'सविता' आणि 'शिंदे' घ्या. डोळ्यांना तीन आणि दोन अक्षरं दिसतात. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतात; म्हणजे पाच आणि पाच. मधली स्पेस एक, शेवटचा शून्य एक. एकूण १२. लिनक्सवर वाइड कॅरेक्टर चार बाइटचं, म्हणून ४८ बाइट हवेत. विंडोजवर दोन बाइटचं, म्हणून २४. मॅलॉकला नुसते १२ दिले तर लिनक्सवर हक्काची जागा तिघांचीच. बाकीचं नाव शेजारच्या मेमरीत घुसतं. प्रोग्रॅम कधी लगेच कोसळतो, कधी सबमिशनच्या दिवसापर्यंत गप्प बसतो.

मग डब्ल्यूसीएसएनकॅट वापरा की! जरूर. पण त्याला द्यायचा आकडा एकूण जागेचा नसतो, जास्तीत जास्त किती कॅरेक्टर जोडायची त्याचा असतो. शेवटचा शून्य त्याच्या वर. पाचाऐवजी चार दिले, की 'शिंदे'चं 'शिंद' झालं.

कोणी म्हणेल, आता यूटीएफ-८ असताना हा खटाटोप कशाला? मुद्दा रास्त आहे. पण तिथेही 'शिंदे'ला १५ बाइट लागतात आणि चुकीच्या बाइटवर तोडलं तर अक्षराचाच चुरा होतो. बाइट वेगळा, कॅरेक्टर वेगळं, अक्षर वेगळं, हा धडा दोन्हीकडे सारखाच. 'हॅलो वर्ल्ड' तो कधीच शिकवत नाही, कारण तिथे तिन्ही आकडे एकच येतात.

उद्या आपल्यापैकीच कोणीतरी गुणपत्रिकेचं नाहीतर बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणार आहे. तिथे गळालेली एक मात्रा म्हणजे कुणाला तरी दुरुस्तीसाठी ऑफिसात खेटे. तेव्हा सर, मॅडम, पुढच्या बॅचच्या जर्नलात एवढा एक प्रयोग घालाच. आणि मित्रांनो, तोवर वाट कशाला बघायची? आज रात्री लॅबमध्ये आपलंच नाव जोडून बघा.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी