विद्येला जामीन कोण?

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत यंत्रांची घरघर अहोरात्र चालू आहे. परंतु ती यंत्रे चालविणाऱ्या कंत्राटी मजुराचा मुलगा कॉलेजच्या फीसाठी कर्ज मागू लागला, म्हणजे ‘जामीन कोण?’ या प्रश्नापाशी त्याची वाट अडते. बाप आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. सगेसोयरे दूर गावी. अशास जामीन मागणे म्हणजे मुलाची बुद्धी सोडून त्याच्या ओळखीपाळखीची श्रीमंती मोजणे होय.

सरकारास हे उमगले नाही असे नाही. जामिनावाचून दिलेल्या साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास २०१५ पासून ७५ टक्के सरकारी हमी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण नको, जामीनही नको; पण तिच्या यादीत आरंभी संस्था ८६० च. यादीबाहेरच्यांनी काय करावे? शिवाय सहकर्जदार म्हणून आईबापांची सही बहुधा लागतेच, आणि मजुराच्या सहीस बँकेत वजन ते किती?

१९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हणून विद्यार्थ्याच्या श्रमासच जामीन मानले. त्याच संस्थेचे महाविद्यालय आज पिंपरीत आहे.

व्यापारी बंधूंनो, उधारी देताना आपण गिऱ्हाइकाची सचोटी पाहता, सातबारा मागत नाही. मग येथील कारखानदारांनी व व्यापाऱ्यांनी वर्गणीतून सामाईक हमीनिधी उभारून अशा होतकरू मुलांस जामीन का राहू नये? उद्या कुशल माणसे तुम्हांसच हवी आहेत. पेरल्यावाचून पीक मागणे हा कोठला व्यवहार?