जुन्या यंत्रातली मराठी
विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून वाऱ्यावर सोडलं, पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती तर २००१ मधली. तरीही पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका जुळवणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांनी ही जोडी जिवापाड सांभाळली. कारण साधं आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर ‘ज्ञानेश्वरी’सुद्धा निरर्थक चिन्हांचा ढीग दिसते. हे सगळं असलेला जुना संगणक बंद पडला की जुन्या फाइलींची किल्लीच हरवते. तो चालू ठेवणाऱ्यांचे मराठीवर उपकार आहेत, असं मी मनापासून मानतो. पण धोकाही खरा आहे: मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. दर वेळी ती मिळेलच असं नाही. म्हणून मुद्रकांनो, प्रकाशकांनो, त्या यंत्राची इंटरनेटची वायर काढा, पेन ड्राइव्ह तपासूनच लावा, आणि सवड मिळेल तसा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. तेवढं मुद्रितशोधन जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.